निद्रानाश: अंथरुणातला वेळ मोजा, वय पाहा आणि मगच उपचार ठरवा

निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी दोन सल्ले हमखास दिलेले असतात. रात्री लवकर अंथरुणावर पडावे, हा पहिला. आणि झोप आली नाही तरी डोळे मिटून पडून राहावे, हा दुसरा. माझ्या २३ वर्षांच्या कौटुंबिक वैद्यकीय व्यवसायात या दोन सल्ल्यांनी जेवढ्या माणसांचा निद्रानाश वाढलेला मी पाहिला, तेवढा रात्रीच्या चहानेही वाढलेला पाहिला नाही. साडेपाच तास झोपणारा माणूस साडेआठ तास अंथरुणात राहिला, तर उरलेले तीन तास तो कूस बदलण्यात आणि घड्याळ पाहण्यात घालवतो, आणि काही महिन्यांत अंथरूण दिसताच त्याचे मन जागे होऊ लागते.

आधी हा निद्रानाशच आहे ना, हे ठरवावे. झोपायला पुरेसा वेळ आणि शांत जागा मिळूनही आठवड्यातल्या किमान ३ रात्री, ३ महिने किंवा त्याहून अधिक काळ झोप लागत नसेल, मोडत असेल किंवा फार लवकर जाग येत असेल, आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश होय. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, थायरॉइड, दुखणी, नैराश्य, दारू यांची चौकशी याच वेळी उरकावी.

त्यानंतर दोन आठवडे नोंद ठेवावी. दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते, त्याच चौकटीत रोज सकाळी तीन आकडे लिहावेत: अंथरुणावर कधी पडलो, शेवटी कधी उठलो आणि अंदाजे किती तास झोप लागली. रात्री घड्याळ पाहू नये. सकाळचा अंदाज पुरतो.

सगळ्यात अवघड पायरी: अंथरुणातला वेळ कमी करणे

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशात गोळीच्या आधी ज्या वर्तनोपचाराची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली, त्याचा ती कणा आहे. उदाहरणार्थ, ४६ वर्षांची बँकेत नोकरी करणारी बाई रात्री १० ला पडते, सकाळी साडेसहाला उठते, आणि नोंदीनुसार तिला सरासरी साडेपाच तास झोप लागते. म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी जेमतेम ६५ टक्के वेळ ती झोपते. तिने उठण्याची वेळ ६ अशी पक्की करावी आणि तिथून साडेपाच तास मागे मोजून रात्री साडेबाराच्या आधी अंथरुणावर जाऊ नये. आठवड्याची सरासरी ८५ टक्के किंवा त्याहून अधिक झाली की १५ मिनिटे आधी झोपावे, ८० ते ८५ च्या दरम्यान असेल तर वेळ तीच ठेवावी, आणि ८० च्या खाली गेली तर अंथरुणातला वेळ १५ मिनिटांनी कमी करावा. मात्र हा वेळ ५ तासांच्या खाली कधीही जाऊ देऊ नये.

वाचायला हे सोपे वाटते. सुरुवातीची काही वर्षे मी यात सतत चुकत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली चूक अशी की मी रुग्णाच्या बोलण्यावरून हिशेब करत असे. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाच्या नोंदीत बहुधा पाच-सहा तासांची झोप निघते, त्यामुळे नोंदीशिवाय हा उपचार सुरूच करू नये. दुसरी चूक झोपण्याची वेळ आधी ठरवण्याची होती. पक्की ठेवायची ती उठण्याची वेळ, आणि रविवारीही तीच, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. तिसरी चूक मायेपोटी होत असे. पहिल्या आठवड्यात रुग्ण लाल डोळ्यांनी येतो, चिडलेला असतो, आणि मी त्याला एक तास वाढवून देत असे. त्यामुळे जागेपणी साचत आलेली झोपेची ओढ वाया जाई आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. आता मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो की पहिले दहा-बारा दिवस आधीपेक्षा वाईट जातील आणि त्या काळात मी वेळ वाढवून देणार नाही.

खरी कसोटी रात्री १० ते साडेबाराची असते. जेवण झालेले असते, टीव्हीसमोर सोफ्यावर डुलकी लागते, आणि त्या वीस मिनिटांच्या डुलकीने रात्रीची अर्धी ओढ संपते. या वेळेसाठी उभ्याने किंवा ताठ बसून करायचे काम आधीच ठरवून ठेवावे. माझ्या एका रुग्ण बाईंनी या वेळेत दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडायला घेतली. मेथीची जुडी, खाली पसरलेले वर्तमानपत्र, पाठ भिंतीला न टेकता मांडलेला पाट. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी येऊन सांगितले की साडेबाराला गादीवर पाठ टेकताच झोप लागते.

अंथरुणावर गेल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून बाहेर यावे आणि पेंग आल्यावरच परत जावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम एका खोलीच्या घरात कसा पाळायचा, असे मला नेहमी विचारले जाते. ओट्याजवळ एक खुर्ची आणि मंद दिवा पुरेसा आहे. ज्या घरात दिवसा गादी गुंडाळून ठेवतात तिथे हे उलट सोपे जाते, कारण गादी ठरलेल्या वेळीच घालायची आणि उठताच गुंडाळायची.

आता कळकळीची सूचना. अपस्मार (फिट येणे), द्विध्रुवीय विकार (बायपोलर) किंवा झोपेत चालण्याची सवय असणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर उपचार न घेतलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनीही करू नये. दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या एका रुग्णाला मी त्याचा व्यवसाय न विचारता सव्वापाच तास आखून दिले होते. पाचव्या दिवशी पहाटे स्टिअरिंगवर त्याची मान कलली आणि टेम्पो दुभाजकाला घासत गेला. कुणालाही इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून कामधंद्याचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो.

वयानुसार काय बदलावे

सहा महिन्यांच्या आतले बाळ रात्री उठते, तो आजार नव्हे. त्यानंतरचे मूल पाळण्याच्या झोक्यावरच झोपायला शिकले असेल, तर मध्यरात्री जाग आल्यावरही त्याला तोच झोका हवा असतो. म्हणून ते पेंगुळलेले पण जागे असतानाच खाली ठेवावे आणि क्रम रोज सारखा ठेवावा. मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजणे धोक्याचे आहे. ते कुणी सुचवले तरी पाजू नये.

किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. सुट्टीत रात्री २ ते सकाळी १० गाढ झोपणाऱ्या मुलाला निद्रानाश नसतो. त्याला आळशी म्हणून उपयोग नाही, आणि अंथरुणातला वेळ कमी करून तर नुकसानच होते, कारण १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप लागते. सकाळी उठताच उन्हात अर्धा तास, रविवारी उठायला फार तर एक तास उशीर, आणि झोपण्याची वेळ दर काही दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे आणणे, हे त्याचे उपचार. बारावीच्या वर्षी पालकांनी पहाटे चारचा गजर लावण्याआधी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

गरोदरपणात ‘रात्री पाय शिवशिवतात का, चालल्यावर बरे वाटते का’ हे विचारावे. उत्तर होय असेल तर रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासावे आणि ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास लोहाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. बाळंतपणानंतर मात्र एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: बाळ झोपलेले असताना, सांभाळायला दुसरे कुणी असताना, आईला झोप लागते का? लागत नसेल तर ते थकव्याचे लक्षण समजून सोडू नये. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. ‘सगळ्याच बाळंतिणींचे असे होते’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात कुणालाही बोलू देत नाही.

पाळी थांबण्याच्या काळात रात्री घामाने जाग येत असेल, तर आधी त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून उपचार घ्यावेत.

वयस्क माणसाने रात्री ८ ला झोपून पहाटे ४ ला उठणे हा आजार नाही. खरोखर निद्रानाश असेल तर त्यांच्यासाठी अंथरुणातला वेळ एकदम न तोडता दर आठवड्याला अर्धा तास असा हळूहळू कमी करावा, आणि वामकुक्षी अर्ध्या तासाची, दुपारी ३ च्या आत ठेवावी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, विसराळूपणा वाढतो आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचे हाड मोडते. भारतात ही गोळी अनुसूची एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे आणली जाते. ती अनेक वर्षे चालू असेल तर एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मात्रा थोडी थोडी उतरवावी.

झोप सुधारल्यावरही लग्नघरातले जागरण, परगावचा प्रवास किंवा आजारपण यांनी तीन-चार रात्री बिघडतात. त्यासाठी काहीही करू नये, दुसऱ्या दिवशी भरपाईची झोपही काढू नये. बिघाड दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कॅलेंडरवर पुन्हा तीन आकडे लिहायला सुरुवात करावी आणि सरासरी काढून झोपण्याची वेळ नव्याने ठरवावी.