बुधवारच्या जिभेच्या कवायतीआधी काय काय बघून ठेवायचं

आमच्या वाडीत देवळाच्या सभामंडपात दर बुधवारी चार वाजता म्हाताऱ्या मंडळींची तोंडाची कवायत असते, म्हणजे गाल फुगवा, जीभ नाकाला लावा, पिपाण्या वाजवा असा सगळा पोरखेळ, पण तो गिळायचे स्नायू हलते ठेवण्यासाठी. आता शेजारच्या दोन वाड्यांतनं विचारणा झाली की आम्हालापण करायचंय, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सामान म्हणाल तर एका पिशवीत मावतं. वेळ जातो तो माणसं ओळखण्यात.

म्हणून आदल्या आठवड्यात घरोघरी एक फेरी मारा आणि आजीला नाही, सुनेला विचारा. आजीला विचारलं तर ‘माका काय झाला हा?’ एवढंच उत्तर मिळतं. सून सांगते की पाणी पिताना रोज खोकतात, जेवायला तास लागतो, घास गालातच राहतो, जेवणानंतर आवाज ओला येतो गुळणी धरून बोलल्यासारखा, वजन उतरलंय, वरचेवर छातीत कफ होऊन ताप येतो. ह्यातलं काही असेल तर त्या माणसाला गाण्यागप्पांना खुशाल बोलवा पण कवायत आणि खाणं डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला दाखवल्याशिवाय नको. स्पीच थेरपिस्ट म्हणजे फक्त बोलायला शिकवणारे असं मलापण वाटायचं, गिळणं तपासायचं कामही त्यांचंच असतं. पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर हे आधीच. काहींच्या तर श्वासनलिकेत पाणी जातं आणि ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे ‘आमच्या बाबांना ठसका नाही लागत’ एवढ्यावर जाऊ नका.

आणि ठसका लागतो तेव्हा आपण काय करतो, तर कोण आठवण काढतंय गो म्हणत डोक्यावर थापट्या मारतो आणि तांब्या तोंडाला लावतो. तांब्या आधी लांब ठेवा. पातळ पाणी आवरायलाच सगळ्यात कठीण, घशातलं झाकण नीट मिटायच्या आत सरकन उतरतं. माणूस खोकत असेल तर पुढे वाकवून बसवायचं आणि खोकू द्यायचं. खोकताच येत नाही, बोलता येत नाही, हात गळ्याकडे गेला, तर ती वेगळी गोष्ट. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, नाही सुटलं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके, परत थापा, आणि त्याचवेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे करता येणारा एक तरुण माणूस मंडपात हजर असल्याशिवाय सुरूच करू नका, आणि मंडपात फोनला रेंज कुठे येते ते आदल्या दिवशी बघून ठेवा, आमच्याकडे फक्त दीपमाळेजवळ येते.

वेळ चारची का, तर पहिल्या बुधवारी मी दोनला ठेवली होती. सगळे मासे-भात जेवून आलेले, निम्मे पेंगत होते, आणि वर मी हौसेने शेवटी खाजा वाटला, एका काकांच्या घशात तुकडा अडकला आणि माझे हातपाय गळाले. थापांनी निघाला, पण त्या दिवसापासून नियम असा की पोट हलकं पाहिजे, कवायत जेवणाआधीच, आणि खाऊ दिलाच तर तो मऊ आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास कोणी आडवं व्हायचं नाही. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज असतो की कोणाला काही ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही कोणाच्यातरी पडवीत बसतो.

खुर्च्या हाताच्या घ्या, प्लास्टिकच्या चालतील, पण पाय जमिनीला टेकले पाहिजेत, बुटक्या आजींच्या पायाखाली पाट द्या. कट्ट्यावर किंवा खाली मांडी घालून पाठीला बाक काढून बसलेल्या माणसाला नीट गिळता येत नाही, स्वतः करून बघा, मान मागे टाकून थुंकी गिळा म्हणजे कळेल. गोल बसवा. एकमेकांची वेडीवाकडी तोंडं दिसली पाहिजेत, अर्धी मजा त्यातच आहे.

आता तोंड. आल्या आल्या सगळ्यांना चुळा भरायला लावायच्या, कारण आमच्याकडच्या निम्म्या आज्यांच्या तोंडात मशेरी असते आणि उरलेल्यांच्या गालात विडा. ओरडून उपयोग नाही, बाहेर नळाजवळ बादली आणि तांब्या ठेवा आणि बोलत बोलत तिकडनं वळवा. तोंड साफ ठेवणं हे नुसतं वासासाठी नाही, घाण थुंकी फुप्फुसात उतरली की म्हाताऱ्यांना न्यूमोनिया होतो, म्हणून रात्री झोपायच्या आधी कवळी काढून घासायची हे दर बुधवारी सांगतेच. कवळी नीट बसत असेल तर तोंडात असू दे, सैल असेल तर काढून ठेवायची, आणि त्यासाठी झाकणाच्या डब्या हव्यात, प्रत्येकीवर नाव लिहून. ही सूचना उगाच नाही. एकदा दोन कवळ्या एकाच वाटीत गेल्या आणि एक आजोबा दुसऱ्यांचे दात लावून घरी पोचले, आठवडाभर वाडीत दुसरा विषय नव्हता.

पिशवीत हातात मावतील असे आरसे, कागदी रुमाल, कापसाचे बोळे, स्ट्रॉ, आणि जत्रेत मिळते ती फुंकली की लांब जाणारी कागदी पिपाणी, प्रत्येकाची वेगळी, उष्टी फिरवायची नाही. माडाच्या पात्याची पिपाणी करता येणारे आजोबा असतील तर त्यांनाच कामाला लावा, आमच्याकडे दोघांत स्पर्धा लागते कोणाची जास्त वाजते. पपईच्या देठाची लहानपणी करायचो पण त्याला चीक असतो, ती नको. फुगे मी आणत नाही, फुगवताना आत ओढला गेला तर काय घ्या. कापसाचा बोळा टेबलावरनं फुंकरीने पलीकडे ढकलायचा, स्ट्रॉने कागदाचे कपटे ओढून वाटीत टाकायचे, एवढं पुरे. शंख वाजवायचा मोह प्रत्येक आजोबाला होतो, पण बीपी चढलेलं असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावायचा नाही.

सुरुवात खांदे वर-खाली, मान हळू डावी-उजवी, चक्कर येणाऱ्यांनी मान नाही फिरवली तरी चालेल. मग गाल फुगवून हवा इकडनं तिकडे, ओठांचा चंबू, मग ई करून दात दाखवा, जीभ बाहेर, नाकाकडे, हनुवटीकडे, आतनं गालाला टोचून लाडू झाल्यासारखा गाल. मग लाळ सुटायला हलका मसाज, कानासमोर गालावर बोटांनी गोल गोल, जबड्याखाली, हनुवटीखाली अंगठ्याने अलगद वर, दहा-दहा वेळा. बीपीच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात घास सरकत नाही, म्हणून हे आधी.

मग मुख्य खेळ, तो जपानातला. तिकडे म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे फार लक्ष देतात, ८० व्या वर्षी २० दात स्वतःचे असावेत म्हणून त्यांनी १९८९ पासून मोहीमच चालवली आहे. त्यांची कवायत म्हणजे पा-ता-का-रा जोरात म्हणायचं. आमच्या पहिल्या आजी म्हणाल्या, ‘ह्या वयात कसला पातक करूक सांगतंस गो?’ त्यामुळे आमच्याकडे ह्याचं नाव पातकच पडलं. पा ला ओठ मिटतात म्हणजे घास सांडत नाही, ता ला जिभेचा शेंडा टाळूला लागतो, का ला जिभेचं मूळ घशाकडे उचलतं, रा ला जीभ वळते. आपल्या मुळाक्षरांत क च ट त प हे घशापासून ओठापर्यंत ओळीनेच लावलेत, त्यामुळे मास्तर असलेले आजोबा असतील तर त्यांना हे समजवायला द्या, ते खूश. मोजायला मोबाईलमधलं घड्याळ ठेवा. जपानात नुसते पा, नुसते ता किंवा नुसते का एका सेकंदाला ६ पेक्षा कमी निघाले तर जरा बघायला हवं म्हणतात, पण आकडा तोंडावर सांगून कोणाला हिरमुसलं करू नका.

नुसतं पा पा पा केलं की पाच मिनिटात कंटाळा, म्हणून डबलबारी लावा, म्हणजे दोन भजनी बुवांची असते तशी जुगलबंदी. खुर्च्यांचे दोन गट, एकाने पा-ता, दुसऱ्याने का-रा, टाळ-चकव्यांसकट, आणि बुवा गटातलाच. मग ‘काळे राळे गोरे राळे’, मग ‘कच्चा पापड पक्का पापड’, मग आज्यांचे उखाणे, तेही नाव येईपर्यंत मधे श्वास न घेता. ह्याचा कागद मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, चष्मे घरी विसरतात.

खाऊचं मी आता फार जपते. पेज द्यायची तर घोटून, नाहीतर पाणी आधी जातं आणि शितं मागे राहतात, तोंडाला दोन कामं एकदम झेपत नाहीत. शहाळ्याचं पाणी आणि मलई एकत्र हा तोच प्रकार. आटवल, म्हणजे आमच्याकडचा आसट भात, मऊ असते, ती आवडते सगळ्यांना. बरका फणस तर मे महिन्यात कोणीतरी हमखास आणतं, त्याचा गरा चावायच्या आधीच सटकतो, आणायचाच तर बिया काढून कुस्करून. आणि गिळताना बोलायचं नाही, हा नियम आपल्या माणसांना पाळायला लावणं पातकापेक्षा कठीण.

शेवटी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घालायचं साकडं. सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांना आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी आढेवेढे घेतात. एका दमात लांब लांब म्हणायचं, आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी तोंड पूर्ण उघडून ‘व्हय म्हाराजा’. मागच्या बुधवारी आमच्या आजोबांनी गाऱ्हाण्यात हरवलेल्या कवळीचंपण घातलं, आणि सगळ्यांनी त्यालाही व्हय म्हाराजा म्हटलं. डब्या मोजून पिशवीत घाला, खुर्च्या जागेवर लावा, मंडपाची किल्ली पुजाऱ्यांकडे द्यायला विसरू नका.