प्रशिक्षणाहून परतल्यावर या चुका टाळा

शिक्षकांचं प्रशिक्षण संपलं की चिंतन लिहून द्यायचं असतं. बहुतेकांचं चिंतन म्हणजे इतिवृत्तच: पहिल्या सत्रात हे झालं, दुसऱ्यात ते, मार्गदर्शकांनी छान समजावलं. अख्ख्या पानात एकही विद्यार्थी सापडत नाही. त्यापेक्षा आपल्या वर्गातली तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. एक पटकन शिकणारं, एक अडखळणारं, एक गप्प बसणारं. प्रशिक्षणात शिकलेली नवी पद्धत त्या प्रत्येकाचं नेमकं काय सोपं करेल, तेवढंच लिहा. गप्प बसणाऱ्याबद्दल काही सुचत नसेल, तर तीही नोंद कामाची.

दुसरी चूक उत्साहाची. सोमवारी गटकार्य, मंगळवारी प्रकल्प, बुधवारी खेळ. शुक्रवारपर्यंत सगळं बंद. एकच बदल निवडा, छोटासा चालेल. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारीही बोलू लागली. याला ना साहित्य लागतं, ना परवानगी. पण ती शांतता सहन करणं वाटतं तितकं सोपं नाही!

सगळ्यात फसवी चूक म्हणजे त्याच तासाला निकाल लावणं. मुलांनी भराभर उत्तरं दिली, म्हणजे पद्धत जमली असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणून आठवड्याने, पूर्वसूचना न देता, दोन प्रश्न कागदावर सोडवून घ्या. गुण देऊ नका. चुकलेली उत्तरं बाजूला काढून मुलाने काय विचार केला असेल ते शोधा.

प्रशिक्षणात सांगितलेलं सगळंच खरं मानू नका. मुलांची दृश्य (बघून शिकणारी), श्राव्य (ऐकून शिकणारी) अशी विभागणी करून तसं शिकवलं की ती जास्त शिकतात, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. तरी ती स्लाइड अजून फिरतेच.

आपल्या वर्गात पद्धत जमली याचा पुरावा कसा गोळा करायचा, हे अडत असेल तर सहकाऱ्याला तासाला बसवा. फक्त आधीच बजावा: तुमच्याकडे बघायचं नाही, त्या तीन मुलांच्या वह्यांकडे बघायचं.