जुन्या गाडीची खडखड: पाना उचलण्याआधी कान लावा

दोन लाख किलोमीटर उलटलेल्या गाडीच्या सस्पेन्शनमधून, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या भागांमधून, आवाज यायचाच. माझ्या डिझेल हॅचबॅकचा आकडा त्याच्याही पुढे गेलाय. गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘खालून खडखडतंय’ म्हटलं की ‘शॉकअब्सॉर्बर गेलेत, बदलून टाका’ हे उत्तर तयार असतं. मी मात्र शॉकअब्सॉर्बरवर, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे थोपवणाऱ्या तेलाच्या नळीवर, सगळ्यात शेवटी संशय घेतो. तो गेला की गाडी आधी डुलायला लागते, खड्ड्यातून बाहेर आल्यावरही दोनतीन हेलकावे खाते, टायर जागोजागी खोलगट झिजतो आणि नळीवरून तेल ओघळलेलं दिसतं. यातलं काहीच नसेल आणि फक्त खडखड असेल, तर मोठा खर्च करायची घाई करू नका.

आधी गाडी रिकामी करा. हसू नका, स्टेपनीचा सैल बोल्ट, डिकीतला जॅक आणि दाराच्या कप्प्यातली बाटली यांनी भल्याभल्यांना फसवलंय. नंबरप्लेट, सायलेन्सरची टांगणीची रबरं आणि त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पातळ पत्रा हाताने हलवून बघा. पत्र्याची किणकिण इंजिनच्या ठरावीक वेगाला येते, तिला खड्डा लागत नाही. मग त्याच खराब रस्त्यावरून ब्रेक अगदी हलका दाबून गाडी न्या. आवाज थांबला तर दोष ब्रेक पॅड सैल बसल्याचा किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना झिजल्याचा.

आता खरं काम. कुठल्याही सुट्या भागावर जेव्हा ताण येतो तेव्हाच तो बोलतो, म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो हे आधी बघायचं. आवाज पत्र्यातून फिरतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो, त्यामुळे ‘कुठून’वर माझा फारसा भरवसा नाही.

माझी सगळ्यात आवडती चाचणी फुकटातली आहे. गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी, सरळ, हळू न्या. मग एकच चाक खड्ड्यात किंवा रस्त्याच्या उंच कडेवर घाला. दोन्ही चाकं बरोबर उचलली तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचं कलणं रोखणारी दांडी) नुसता आपल्या बुशमध्ये (रबरी बैठकीत) फिरतो, त्याला पीळ पडत नाही. एकच चाक उचललं की बार पिळला जातो आणि तो सगळा जोर लिंक रॉडवर (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर) येतो. म्हणजे दोन्ही चाकांवर गाडी गप्प आणि एका चाकावर ‘टकटक’ असेल, तर लिंक रॉड किंवा बारचे बुश. दोन्ही वेळा ‘धप्प’ होत असेल तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या एकत्र खांबाचं) वरचं माउंट (त्याला गाडीशी जोडणारी रबरी बैठक), लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या भुजेचे) बुश किंवा खुद्द शॉकअब्सॉर्बर. जुन्या गाडीच्या पुढच्या बाजूची बारीक खडखड माझ्या अनुभवात बहुतेकदा लिंक रॉडचीच निघते, आणि तो यांतल्या स्वस्त भागांपैकी आहे.

दुसरी चाचणी गाडी उभी ठेवून. इंजिन चालू, एकजण स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवतोय आणि तुम्ही बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर तळहात ठेवलाय. माउंटचं बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग पिळत जाते आणि मग झटक्यात सुटते, ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि हाताला धक्का जाणवतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटं घालू नका. हाच आवाज तुटलेल्या स्प्रिंगचाही असू शकतो. स्प्रिंग बहुधा अगदी खालच्या वेटोळ्यात तुटते, तुकडा बशीतच बसून राहतो आणि चटकन दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगचं टोक दोन्ही बाजूंना ताडून बघा.

हळू पुढे जाऊन ब्रेक, हळू मागे येऊन ब्रेक. दर वेळी एकच ‘धप्प’ आला तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन माउंटही असाच आवाज करतं, पण ते वेगळं काढता येतं: ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच. चाकं जागची हललेली नसताना इंजिन उडी मारत असेल तर दोष बहुधा माउंटचा, सस्पेन्शनचा नव्हे. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर चाकाच्या गतीबरोबर वाढणारी ‘कटकटकट’ सीव्ही जॉइंटची (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या सांध्याची), तीही इथली नव्हे.

कुरकुर असेल तर पाण्याची फवारणी बाटली घ्या. एकेका बुशवर पाणी मारायचं आणि बंपर दाबून गाडी हलवायची. ज्यावर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली तो बुश. तिथे इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस चोपडू नका. आठवडाभर शांतता मिळेल, पण तेलाने रबर फुगतं आणि लवकर मरतं. चालेल ते फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बारच्या बुशला.

मग गाडी उचला. सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि जॅकवर कधीही विसंबू नका. घोडी (गाडी पेलणारा पक्का स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ती नाहीशी झाली तर चाकाचं बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला फिरता सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिलाई असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (स्टिअरिंगच्या दांडीचे बाहेरचा आणि आतला सांधे). स्प्रिंग स्ट्रटवर असलेल्या गाडीत चाक लोंबकळत असताना लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये पहार घालून बॉल जॉइंट हलका उचकटून बघता येतो. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल तर मात्र जॅक आर्मखालीच लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगचा दाब ढिलाई झाकून टाकतो. बॉल जॉइंट सैल निघाला तर ती गाडी चालवायची नाही. तो निखळला की चाक आडवं पडतं.

लिंक रॉडबद्दल एक खाचखोच. एकच बाजू उचलली की बार पिळलेला राहतो, लिंक ताणली जाते आणि सैल जॉइंटही घट्ट भासतो. दोन्ही बाजू एकसारख्या उचला, किंवा गाडी चाकांवर उभी असताना रॉड हाताने जोरात हलवा. बोटांना टिचकी जाणवली की झालं.

बदलताना आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट फिरवताना बॉलची दांडीही सोबत फिरते, म्हणून तिच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून ती धरायची आणि रिंग पान्याने नट सोडवायचा. खाच गंजून खराब झाली असेल तर झटापट करू नका, नट कापा. जुना रॉड तसाही फेकायचाच आहे. नवा नट नव्या रॉडबरोबरचाच लावा आणि दोन्ही बाजू एकदमच बदला.

लोअर आर्मच्या बाबतीत बहुतेक जण जिथे घाई करतात ती पायरी शेवटची असते. बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आतलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश अकाली फाटतो. बोल्ट हलके बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, आणि मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा.

स्ट्रट मी घरी खोलत नाही. पूर्ण स्ट्रट काढून आणतो आणि स्प्रिंग दाबायचं काम भिंतीला पक्क्या बसवलेल्या यंत्रावर करून घेतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा फोडण्याइतका जोर असतो, आणि स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय माथ्याचा मधला नट सोडवणं म्हणजे तो जोर स्वतःच्या तोंडावर सोडणं. नवं माउंट बसवताना बेअरिंगही नवं घ्या. जुनं ‘फिरतंय की’ म्हणून ठेवलं तर तेच काम लवकरच पुन्हा निघतं.

लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) गरज नाही. लोअर आर्म, टाय रॉड एंड किंवा स्ट्रट हलवला असेल तर ते करावंच लागतं, आणि तेही सगळी दुरुस्ती संपल्यावर. सैल बुश असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे वाया. चाकाचे नट थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.