अमेरिकेतील पूर्वजांचा शोध आणि उशिरा नोंदवलेले जन्मदाखले

अमेरिकेच्या जन्मनोंदणी क्षेत्रात, म्हणजे केंद्राच्या निकषांनुसार जन्म नोंदवणाऱ्या राज्यांच्या गटात, टेक्सास हे तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी शेवटचे राज्य १९३३ साली सामील झाले. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या पूर्वजाची नोंद जन्मवर्षात सापडली नाही, म्हणून शोध थांबवू नये. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर वयाचा आणि दुसऱ्या महायुद्धात संरक्षण उद्योगातील नोकरीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागू लागल्याने अनेकांनी उतारवयात आपला जन्म नोंदवून घेतला. अशा नोंदींची सूची पुष्कळदा वेगळी असते, तेव्हा राज्याच्या कार्यालयाबरोबरच काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयाकडेही चौकशी करावी आणि विवाहित स्त्रीचे नाव सासरच्या आडनावाखालीही पाहावे.

खरा ऐवज असतो तो अशा उशिरा केलेल्या नोंदीतील पुराव्यांच्या रकान्यात. बाप्तिस्म्याची नोंद, घरच्या बायबलमधील पान, शाळेचा दाखला, विम्याची पॉलिसी यांपैकी काय दाखवले, ते तिथे बहुधा तारखेसह लिहिलेले असते, आणि प्रतिज्ञापत्र देणारी एखादी मावशी किंवा सुईण अनपेक्षितपणे समोर येते. म्हणून टंकलिखित गोषवाऱ्यावर समाधान न मानता मूळ अर्जाची छायाप्रत मागवावी. मात्र ही जन्मतारीख कित्येक दशकांनंतर सांगितलेली असते. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना व वर्ष दिलेले आहे. त्याच्याशी ती ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास दोन्ही तारखा उगमासह टिपून ठेवाव्यात.