जुन्या गाडीचा एसी: दुरुस्त करावा की तसाच सोडावा?

मार्च सरत आला की पुण्यातल्या एसी दुरुस्तीच्या गॅरेजांबाहेर गाड्या लागू लागतात, आणि त्यांतल्या दहा-बारा वर्षांच्या गाड्यांच्या मालकांना बहुधा एकच प्रश्न पडलेला असतो: गाडीला आता दीड-दोन लाख येतील, मग एसीवर वीस हजार घालायचे का? प्रश्न रास्त आहे, पण तो जरा लवकर विचारला जातो. ‘गार होत नाही’ या एकाच तक्रारीमागे सांध्यातली झिजलेली रबरी कडी (ओ-रिंग)ही असू शकते आणि निम्मी यंत्रणा बदलण्याची वेळही. त्यामुळे बिघाड कोणत्या भागात आहे हे कळेपर्यंत गाडीच्या वयाचा आणि किमतीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

निदानाची सुरुवात घरच्या पार्किंगमध्ये फुकटात करता येते. इंजिन सुरू करून ब्लोअर मोठा करावा, बॉनेट उघडावे आणि घरातल्या कोणाला तरी आत बसवून एसीचे बटण चालू-बंद करायला सांगावे. बटण दाबताच गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडून ‘टक्’ असा आवाज येऊन पुलीच्या तोंडावरची, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या क्लचची चकती फिरू लागली, तर क्लचपर्यंत वीज नीट पोहोचते आहे. आवाजच आला नाही, तर फ्यूज, रिले किंवा क्लचची कॉइल गेली असेल, नाहीतर गॅस इतका उतरला असेल की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. क्लच लागून काही सेकंदांतच पुन्हापुन्हा सुटत असेल, तर तेही बहुतेक वेळा गॅस कमी झाल्याचेच लक्षण असते. पाच मिनिटांनी इंजिन बंद करून केबिनकडे जाणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या पाइपांना बेताने हात लावून पाहावा: बारीक पाइप गरम आणि जाड पाइप माठासारखा गार व पाझरल्यासारखा ओला लागला, तर यंत्रणेचे मुख्य काम चालू आहे, आणि दोष केबिनच्या बाजूला, म्हणजे तुंबलेल्या केबिन फिल्टरमध्ये किंवा ब्लोअरमध्ये शोधावा.

एसी बिघडतो कधी, याकडेही लक्ष द्यावे. सिंहगड रस्त्यावर गाडी वाहती असताना थंडावा मिळतो आणि सिग्नलला थांबताच गरम हवा येऊ लागते, अशी तक्रार असेल तर संशय कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीच्या, पंख्यावर किंवा धुळीने भरलेल्या कंडेन्सरवर घ्यावा. पंख्याची मोटर बदलणे आणि कंडेन्सर पाण्याने धुणे ही तुलनेने किरकोळ कामे आहेत. अर्धा तास उत्तम चालून मग वाऱ्याचा जोर कमी होत असेल, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर तो पुन्हा पूर्ववत होत असेल, तर कूलिंग कॉइलवर, म्हणजे केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीवर, बर्फ धरत असावा आणि कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर तपासावा.

आता गॅसविषयी, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच. माझ्या गाडीत सलग तीन वर्षे गॅस भरला गेला, दर वेळी मेकॅनिकने ‘लिकेज नाही, जुनी गाडी आहे’ असे सांगितले, आणि दर वेळी मी पैसे दिले. चौथ्या वर्षी दुसऱ्या एका कारागिराने टॉर्चचा झोत टाकून कंडेन्सरच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि ते मला दाखवले: तेलाने चिकटलेली काळी धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथे असा डाग धरतो. दोष एका ओ-रिंगचा होता, आणि तीन वेळच्या गॅसच्या खर्चापुढे तिची किंमत सांगायलाही संकोच वाटावा.

म्हणून गॅस भरण्याआधी गळती शोधून दाखवा, असे स्पष्ट सांगावे. यंत्रणेत नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावता येतो, किंवा रंगद्रव्य सोडून ते अतिनील दिव्याखाली पाहता येते. गळती काढल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम झाला पाहिजे, कारण आत राहिलेला ओलावा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी गोठतो आणि तेलही खराब करतो. गॅस अंदाजाने नव्हे, तर बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाने भरावा. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो आणि लहान गाडीला तो साधारण अर्ध्या किलोच्या आतच लागतो. निम्म्या भावातला ‘तसाच’ गॅस घेऊ नये. ज्वलनशील वायू मिसळलेली भेसळ बाजारात असते.

बिघाड निश्चित झाला की निर्णय बराचसा सोपा होतो. ओ-रिंग, होज, पंखा, रिले, सेन्सर यांवरचा खर्च गाडी दोन उन्हाळे जरी ठेवायची असली तरी करावा. कंडेन्सर पुढच्या बाजूला असल्याने बदलणे अवघड नसते. कूलिंग कॉइल मात्र डॅशबोर्डच्या पोटात असते आणि अनेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो; इथे सुट्या भागापेक्षा मजुरीचा आणि नंतर खडखडणाऱ्या प्लॅस्टिकचा विचार करावा, आणि हे काम रोज करणाराच कारागीर निवडावा.

खरा पेच कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाल्यावर येतो. त्याचा धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो. केवळ कॉम्प्रेसर बदलला तर तोच कीस नव्यालाही खातो, म्हणून लाइन धुवून घेणे, ओलावा शोषणारा ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलणे, आणि कंडेन्सरच्या सूक्ष्म नळ्या नीट धुतल्या जात नसल्याने बहुधा तोही बदलणे भाग पडते. नाना पेठेत रीकंडिशन्ड कॉम्प्रेसर मिळतो, पण तो लिखित वॉरंटीशिवाय घेऊ नये. एवढा खर्च करण्याआधी नोंदणीपुस्तक काढून तारीख पाहावी: पंधरा वर्षे पुरी होत आली असतील, तर फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि त्यासाठी करावी लागणारी इतर डागडुजी याच वर्षाच्या खर्चात येणार आहे. गाडी तेव्हा विकायचीच असेल, तर मी हा खर्च करणार नाही.

एसीशिवाय भागेल का, हा प्रश्न पुण्यात उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याच्या दृष्टीने विचारावा. एप्रिलच्या कोरड्या उकाड्यात सकाळी लवकर निघून, काचा खाली करून निभावता येते. जुलैत ताम्हिणी घाटात काचा बंद, आत चार माणसे आणि समोरची काच आतून धुरकटलेली, अशा वेळी हवेतला दमटपणा काढून काच झटपट स्वच्छ करणारा एसीच असतो. नेहमी कोकणात जाणाऱ्याने एसीला केवळ चैन समजू नये.

दुरुस्ती न करण्याचे ठरले, तरी पुलीच्या बेअरिंगचा आवाज दुर्लक्षू नये. एसी बंद असतानाही पुली फिरत असते, आणि काही गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंप चालवतो. बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला तर गाडी रस्त्यातच उभी राहते. तसेच उघडलेली यंत्रणा बूच न लावता सोडू देऊ नये, अन्यथा ओलावा शिरून पुढच्या दुरुस्तीत खर्च वाढतो.

दुरुस्ती केली असेल, तर गाडी सकाळच्या गारव्यात ताब्यात घेऊ नये. दुपारी जावे, गाडी उन्हात उभी करून दहा मिनिटे एसी चालवावा आणि मधल्या झरोक्यात साधा थर्मामीटर धरावा. हवा सुमारे १० अंशांच्या आसपास येत असेल आणि गाडी जागेवर उभी असतानाही तशीच राहत असेल, तर मग पैसे द्यावेत, आणि बिलावर बदललेला भाग व भरलेल्या गॅसचे वजन लिहून घ्यावे.