गेटवेवरून एसएमएस पाठवताना मुदत रिकामी सोडू नका
गेटवे म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवणारी यंत्रणा, आणि मुदत म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर मेसेज पोचवायचा प्रयत्न किती वेळ करायचा ते. ती दिली नाही की ऑपरेटरचं एसएमएस केंद्र स्वतःची मुदत लावतं, आणि ती बऱ्याचदा दिवसांत असते. मग ताम्हिणी घाटात रेंज गेलेल्या ग्राहकाला ओटीपी मिळतो तो पौडला परतल्यावर, तोवर तो कधीच बाद झालेला असतो. कोथरूडच्या क्लिनिकचा ‘आता तुमचा नंबर’ हा मेसेज रात्री पोचला तर फोनवर बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

एसएमपीपीमध्ये, म्हणजे एसएमएस केंद्राशी जोडायच्या प्रोटोकॉलमध्ये, या मुदतीसाठी ‘व्हॅलिडिटी पीरियड’ हे १६ अक्षरांचं फील्ड असतं. आत्तापासून ५ मिनिटं हवी असतील तर ०००००००००५००००० आणि शेवटी इंग्रजी अक्षर आर (R). ठरावीक घड्याळी वेळ द्यायची असेल तर वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, मग एक दशांश सेकंदाचा आकडा, आणि शेवटी २२ व अधिक चिन्ह. हा आकडा म्हणजे जागतिक वेळेपासूनचा (यूटीसी) फरक, तो पाव तासांत मोजतात; आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून २२. इथे ०० टाकलं तर मुदत साडेपाच तास लांबते, आणि चाचणीत फोन चालू असल्यामुळे ते कळतही नाही. कॅनेल या एसएमएस गेटवे सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘व्हॅलिडिटी’ थेट मिनिटांत द्यायची.

५ मिनिटांहून कमी मागू नका. जीएसएम या मोबाइल मानकाच्या नेहमीच्या सापेक्ष (‘आत्तापासून इतकी मिनिटं’) मोजणीत तीच सर्वात लहान पायरी. सापेक्ष मुदत केंद्राकडे मेसेज पोचल्यापासून धावते, त्यामुळे तुमच्याच रांगेत तो १० मिनिटं अडकला तर ती १० मिनिटं धरली जात नाहीत. ओटीपीला घड्याळी वेळच बरी. तपासायला फोन बंद करून पाठवा, डिलिव्हरी रिपोर्टमध्ये ‘एक्स्पायर्ड’ यायला हवं.