डिरेक्टरीचा बॅकअप: आधी गाळा, मग उघडून बघा

ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (विंडोज नेटवर्कमधले युजर, कॉम्प्युटर आणि पासवर्ड यांची नोंद ठेवणारा डेटाबेस) बॅकअप रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये शोधताना पहिला फिल्टर तारखेचा लावा, सर्व्हरच्या नावाचा नंतर. कारण टूमस्टोन लाइफटाइम. डिलीट केलेल्या ऑब्जेक्टची (युजर, कॉम्प्युटर वगैरे नोंदीची) खूण, म्हणजे टूमस्टोन, डिरेक्टरी ठरावीक काळच सांभाळते: बहुतेक ठिकाणी १८० दिवस, फार जुन्या फॉरेस्टमध्ये (म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनच्या गटात) ६०. आपल्याकडचा आकडा आधी बघून घ्या. त्याहून जुना बॅकअप यादीत कितीही ठणठणीत दिसला, तरी डोमेन कंट्रोलर (ही डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) परत उभा करायला तो बाद. उरलेल्यांतून सिस्टिम स्टेट (सर्व्हरच्या मुख्य सेटिंग्ज, डिरेक्टरीचा डेटाबेस आणि सिसव्हॉल फोल्डर) असलेलेच ठेवा. सिसव्हॉल नसेल तर ग्रुप पॉलिसीच्या (सगळ्या कॉम्प्युटरना लागू होणाऱ्या नियमांच्या) फाइल्स कुठून आणणार?

आता पडताळणी. बॅकअपपुढचा ‘सक्सेसफुल’ हा शेरा एवढंच सांगतो की कॉपी झाली. आतला डेटाबेस धड आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून एनटीडीएस डॉट डिट ही डेटाबेसची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, विंडोजच्या एसेंटयूटिल या टूलने चेकसम (फाइल बिघडली आहे का ते दाखवणारा आकडा) तपासा आणि डीएसएमेन या टूलने ती प्रत दुसऱ्या पोर्टवर उघडा. मग बॅकअपच्या आदल्याच दिवशी तयार केलेला एखादा युजर शोधा. मी तरी तो सापडल्याशिवाय बॅकअपवर भरवसा ठेवत नाही. आणि हो, उघडलेल्या त्या प्रतीत सगळे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) असतात. काम झालं की लगेच पुसा.